सरकारें दिल्या वचनांतून मागें कशीं सरतात : न्यूझीलंडांतील गुरांच्या वायूची हकीकत

दिवाणी कोर्टांत ज्याचा बांधाचा किंवा वहिवाटीचा दावा एकदां तरी चालला आहे, त्यास दावा हरणें आणि दाव्यास तारखा पडत जाणें यांतील भेद समजावून सांगण्याचें कारण नाहीं. हरलेल्या दाव्यावर निदान अपील करितां येतें. तारखा पडत असलेल्या दाव्यांत वकिलाची फी भरीत राहण्यापलीकडे कांहीं करितां येत नाहीं. हवामानासंबंधानें निरनिराळ्या सरकारांनीं जगापुढें जीं वचनें दिलीं, त्यांचा गेल्या वीस-पंचवीस वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यांतील पुष्कळांची गति ह्या दुसऱ्या प्रकारची झालेली दिसते.

उघड माघारीचीं उदाहरणें वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांनीं छापलीं जातात, म्हणून तीं सर्वांस ठाऊक असतात. क्योटो येथील करारांतून कॅनडानें 2011 च्या डिसेंबरांत अंग काढून घेतलें. ऑस्ट्रेलियानें 2012 च्या जुलैंत मोठमोठीं वीजघरें व कारखाने यांच्या धुरावर दर टनास 23 डॉलर असा आकार बसविला आणि राज्यकर्ता पक्ष बदलल्यावर 2014 च्या जुलैंत तो रद्द केला. अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें पॅरिसच्या करारांतून 2020 सालीं बाहेर पडलीं, 2021 सालीं परत आलीं, आणि 2025 च्या जानेवारींत पुन्हां बाहेर पडण्याचा हुकूम निघाला. ह्या गोष्टी आम्ही येथें विस्तारानें सांगत नाहीं. आज आम्हांस वाचकांपुढें मांडावयाचें आहे तें मूक माघारीचें उदाहरण. आणि तें न्यूझीलंडांतील निवडण्याचें कारण एवढेंच कीं, तेथें वादी सरकार असून प्रतिवादी शेतकरी आहे, व वादाचा विषय आपल्या गोठ्यांतलाच आहे.

न्यूझीलंड देश विस्तारानें आपल्या महाराष्ट्राहून थोडा लहान, आणि वस्ती सारी मिळून 53 लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या पुणें जिल्ह्याहूनही कमी. गुरें मात्र कोटीच्या घरांत आणि मेंढ्या दोन कोटींहून अधिक. दुधाचे पदार्थ बहुतेक सर्व परदेशीं विकले जातात, आणि त्या दुधाचा फार मोठा भाग फॉन्टेरा ह्या शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेकडे जातो. आपल्याकडे राजकारणांत साखर-कारखान्यांचें जें वजन, तेंच तिकडे दूध-धंद्याचें, असें म्हटलें तर फारसें चुकणार नाहीं. इतर सुधारलेल्या देशांत हवा तापविणारे वायु मुख्यत्वें कोळसा व तेल यांपासून निघतात. न्यूझीलंडांत ते निम्म्याच्या आसपास शेतीपासून, विशेषतः गुरेंमेंढ्यांपासून, निघतात. तेव्हां शेतीस हात न लावतां त्या देशास आपलें वचन पाळावयाचें म्हणजे, एका पायावर चालण्यासारखें आहे.

हा वायु कोणता, तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक आंबवणाचा मोठा रांजणच होय. त्यांत कोट्यवधि सूक्ष्म जीव गवत व कडबा कुजवून जनावरास पचेल असा करितात, आणि ह्या क्रियेंत मिथेन नांवाचा वायु उत्पन्न होतो. तो बहुतेक सर्व ढेकरेवाटे बाहेर पडतो. मिथेन हवेंत सुमारें 12 वर्षें टिकतो. कोळशाच्या धुरांतील कर्बद्विप्राणिद, म्हणजे ज्यास हल्लीं कार्बन डायॉक्साइड म्हणतात तो वायु, शेंकडों वर्षें टिकतो. परंतु टिकतो तोंवर मिथेनचा जोर फार मोठा. वजनास वजन घेतलें तर शंभर वर्षांच्या हिशेबानें तो कर्बद्विप्राणिदाच्या 28 पट व वीस वर्षांच्या हिशेबानें 80 पटींच्या आसपास उष्णता कोंडून ठेवितो. म्हणजे हा अल्पायुषी पण तापट वायु आहे, हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें सर्व वाद ह्याच एका गोष्टीवर आला आहे.

पहिला प्रयत्न 2003 सालचा. आदल्याच वर्षीं न्यूझीलंडनें क्योटोच्या करारास मंजुरी दिली होती. हेलन क्लार्क यांच्या मजूरपक्षीय सरकारनें असें ठरविलें कीं, गुरांचा वायु कमी कसा करावा ह्याच्या संशोधनासाठीं पशुपालकांवर एक लहानशी पट्टी बसवावी. तींतून वर्षास सुमारें 84 लक्ष डॉलर जमावे, एवढाच बेत. वायूवरील कर असा तो नव्हताच. परंतु विरोधकांनीं त्यास ‘पादण्यावरील कर’ असें ग्राम्य नांव दिलें आणि तें देशभर झालें. (वायु ढेकरेंतून निघतो, तेव्हां नांव शास्त्रदृष्ट्या चुकीचेंच, पण चळवळीचें नांव कांहीं शास्त्रज्ञांस विचारून ठेवीत नाहींत.) 2003 च्या सप्टेंबरांत शेन आर्डर्न नांवाच्या पार्लमेंटच्या सभासदानें ‘मर्टल’ नांवाचा जुना ट्रॅक्टर वेलिंग्टन येथील पार्लमेंटच्या पायऱ्यांवर चढविला. पट्टी लवकरच मागें घेण्यांत आली, आणि धंद्यांतील संस्थांनीं आपण होऊन संशोधनास पैसा द्यावा, असें तिच्या जागीं ठरलें.

2008 सालीं त्याच सरकारनें अधिकारावरून जातां जातां अधिक मोठें पाऊल टाकलें. वायूच्या प्रत्येक टनामागें एक परवाना विकत घ्यावा, व असे परवाने बाजारांत खरेदी-विक्री व्हावे, अशी योजना कायद्यानें उभी केली आणि शेतीनें तींत 2013 सालीं दाखल व्हावें असें लिहून ठेविलें. निवडणूक झाली, जॉन की यांचा नॅशनल पक्ष अधिकारावर आला. त्यानें 2009 सालीं 2013 च्या जागीं 2015 हा आंकडा घातला. 2012 सालीं आंकडाच काढून टाकला. दूध-कारखाने, कत्तलखाने व खतांच्या कंपन्या यांनीं वायूचा हिशेब सरकारास द्यावा, हें मात्र चालूच राहिलें. मोजणी झाली, आकारणी नाहीं. जमीन-महसुलाच्या कारभाराची ज्यांस माहिती आहे त्यांस ही अवस्था चमत्कारिक वाटेल.

2017 सालीं जॅसिंडा आर्डर्न यांचें मजूर सरकार आलें. 2019 सालीं जो हवामानाचा कायदा झाला, तो विरोधी नॅशनल पक्षानेंही मत देऊन, जवळजवळ एकमतानें मंजूर झाला. त्यांत इतर वायूंसाठीं 2050 पर्यंत निव्वळ शून्य, आणि जनावरांच्या मिथेनसाठीं वेगळें माप ठरलें : 2017 च्या मानानें 2030 पर्यंत 10 टक्के कमी, व 2050 पर्यंत 24 ते 47 टक्के कमी. त्याच सुमारास सरकार, शेतकऱ्यांच्या संस्था व मावरी समाज यांची एक संयुक्त मंडळी स्थापन झाली. तिचें मावरी भाषेंतील नांव ‘हे वाका एके नोआ’, म्हणजे आपण सर्व एकाच होडींत आहों. दर शेतावर वायु मोजून 2025 पासून त्याची किंमत घ्यावी, अशी पद्धति ह्या मंडळीनें बसवावी. न बसविल्यास शेती आपोआप त्या परवान्यांच्या योजनेंत ढकलली जाईल, अशी धमकीही कायद्यांत होती. प्रत्येक शेतकऱ्यानें 2022 च्या अखेरपर्यंत आपल्या शेताचा वायूचा आंकडा जाणून घ्यावा, असेंही ठरलें होतें. आमच्या मतें इतकी विचारपूर्वक केलेली मांडणी दुसऱ्या कोणत्याही पशुपालक देशांत त्या वेळीं झालेली नव्हती.

2022 च्या ऑक्टोबरांत सरकारनें आपली योजना प्रसिद्ध केली. दर ठरविण्याचा अधिकार मंत्र्यांकडे राहावयाचा, आणि बांधाबांधावर लाविलेल्या झाडांची वजावट शेतकऱ्यांस हवी तितकी मिळावयाची नाहीं, हे तींतील दोन मुद्दे शेतकऱ्यांस फार झोंबले. मेंढ्या व मांसाचीं गुरें पाळणारांचें निव्वळ उत्पन्न सुमारें पांचव्या हिश्शानें घटेल, असा सरकारच्याच कागदांतला अंदाज होता. ट्रॅक्टर पुन्हां रस्त्यांवर आले. 2023 च्या ऑगस्टांत मजूर सरकारनेंच आरंभाची तारीख 2025 च्या अखेरीस नेली. ऑक्टोबरांत निवडणूक होऊन नॅशनल पक्षाचें संयुक्त सरकार आलें, तें 2030 ही तारीख घेऊन. 2024 च्या जूनांत होडींतली मंडळी बरखास्त करण्याचें जाहीर झालें, आणि त्याच वर्षीं शेतीस परवान्यांच्या योजनेंतून कायद्यानें वगळण्यांत आलें. बदल्यांत वायु कमी करणारीं औषधें, लसी व गवताच्या जाती बाजारांत आणण्यासाठीं चार वर्षांत 40 कोटि डॉलर देऊं केले. 2025 च्या ऑक्टोबरांत सरकारनें सांगितलें कीं, मिथेनवर कर बसणारच नाहीं, आणि 2050 चें माप 24 ते 47 टक्क्यांवरून 14 ते 24 टक्क्यांवर आणण्यांत येईल. कायद्यानेंच नेमलेल्या हवामान-आयोगानें आदल्या वर्षीं तेंच माप 35 ते 47 टक्के करावें, अशी उलट शिफारस केली होती.

ह्या तारखा एका ओळींत मांडून पाहाव्या : 2013, 2015, बेमुदत, 2025, 2025 ची अखेर, 2030, आणि शेवटीं कधींच नाहीं. ह्या सर्व काळांत कोणत्याही सरकारनें ‘आम्ही वचन मोडलें’ असें म्हटलेलें नाहीं. प्रत्येक वेळीं ध्येय कायम असल्याचें सांगण्यांत आलें, आणि प्रत्येक वेळीं कारण असें देण्यांत आलें कीं जें ऐकून समंजस मनुष्यानें मान डोलवावी. औषध अद्याप तयार नाहीं. शेजारचे देश असा कर घेत नाहींत, तेव्हां आपण घेतल्यास दूध आपलें कमी होईल व दुसऱ्याचें वाढेल. शेतकऱ्यांशीं आणखी विचारविनिमय केला पाहिजे. हीं कारणें खोटीं होतीं असें आम्ही म्हणत नाहीं. न्यूझीलंडांत एक शेर दुधामागें निघणारा वायु जगांतील पुष्कळ देशांहून कमी आहे, हें खरें आहे, आणि तेथला गोठा बंद पडून दुसरीकडे तितकेंच दूध अधिक वायु सोडून निघालें तर हवेचा कांहींच फायदा होत नाहीं. पण जें कारण 2009 सालीं खरें होतें तेंच 2024 सालींही खरें राहिलें, ह्याचा अर्थ मधल्या पंधरा वर्षांत तें दूर करण्याची निकड कोणासच वाटली नाहीं. करच नाहीं म्हटल्यावर वायु कमी करणारें औषध विकत घेणार कोण, आणि गिऱ्हाइक नाहीं म्हटल्यावर तें तयार करण्याची घाई कोणास?

दुसरी गोष्ट माप बदलण्याची. ही थोडी सूक्ष्म आहे, आणि आमचे बागाईतदार वाचक ती इतर कोणाहूनही लवकर समजतील. 14 ते 24 हे आंकडे हवेंतून पडलेले नाहींत. सरकारनें 2024 सालीं नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या स्वतंत्र मंडळास प्रश्न असा घातला होता कीं, 2017 सालीं आपल्या मिथेनमुळें जितकी उष्णता वाढलेली होती तिच्यापेक्षां अधिक वाढूं नये म्हणून मिथेन किती कमी करावा लागेल? मिथेन अल्पायुषी असल्यामुळें, कळप तेवढाच राहिला तर नवा वायु जुन्याची जागा घेतो व हवेंतील सांठा फारसा वाढत नाहीं. थोडथोडी घट केली कीं तापमानांतील त्याचा हिस्सा होता तेथें थांबतो. हें शास्त्र बरोबर आहे, आणि त्या प्रश्नास मंडळानें दिलेलें उत्तरही बरोबर आहे. वाद आहे तो प्रश्नाविषयीं. शेजाऱ्यानें वर्षानुवर्षें बांध कोरून दोन हात जमीन आपल्याकडे ओढली, आणि मग मोजणीदारास बोलावून विचारलें, ‘मी यापुढें एक बोटभरही सरकूं नये म्हणून काय करावें?’ तर मोजणीदार त्यास अचूक उत्तर देईल. गेलेले दोन हात मात्र त्या मोजणींत कोठेंच येणार नाहींत.

तथापि शेतकऱ्यांचा सर्वच दोष होता असें मानण्यास आम्ही तयार नाहीं, आणि शेतकऱ्यांच्या मासिकानें तसें मानूंही नये. ज्या मनुष्याचें उत्पन्न पांचव्या हिश्शानें जाणार आहे, त्यानें ट्रॅक्टर रस्त्यावर आणला तर त्यांत नवल नाहीं. शहरांतील मोटारवाल्यास पेट्रोलांतून परवान्याची किंमत द्यावी लागत होती हें खरें. पण त्यास आपली मोटार विकून दुसरी घेतां येते, गोठा तसा बदलत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ह्या लढ्यांत जिंकलेल्या शेतकऱ्यांच्या पदरांत काय पडलें तेंही पाहावें.

परवान्यांच्या योजनेंत एक वाट अशी होती कीं, ज्यास परवाना हवा त्यानें झाडें लावावीं अथवा झाडें लाविलेल्या माणसाकडून परवाना विकत घ्यावा. आणि ह्यास मर्यादा नव्हती. झाडें लावावयाचीं कोठें? मेंढ्यांच्या कुरणांवर. परवान्याचा भाव चढतांच डोंगरउताराचीं मेंढपाळांचीं शेतें पाईनच्या झाडांसाठीं विकलीं जाऊं लागलीं, आणि मेंढपाळी सुटल्यानें खेडीं ओस पडतात अशी ओरड सुरू झाली. शेवटीं ह्या रूपांतरावरही सरकारास बंधनें घालावीं लागलीं. गुरांच्या वायूवर किंमत नाहीं, झाडावर मात्र आहे, अशा बाजारांत कुरणाची हार ठरलेलीच होती. शेतकऱ्यानें समोरच्या दारानें कर घालवून दिला, तो मागच्या दारानें जमिनीचा गिऱ्हाइक होऊन आला. आणि 2023 च्या फेब्रुवारींत गॅब्रिएल नांवाचें वादळ उत्तर बेटावर आलें, तेव्हां हॉक्स बे भागांतील सफरचंदांच्या बागा गाळाखालीं गेल्या, व गिझबर्नकडे पाईनच्या तोडलेल्या लांकडांचे ढिगारे नद्यांतून वाहत येऊन पूल व कुंपणें मोडून गेले.

सरकारनें सोडलेली गोष्ट गिऱ्हाइकानें उचलली, हाही भाग ध्यानांत घेण्यासारखा आहे. फॉन्टेराचें दूध घेणाऱ्या परदेशी खाद्य-कंपन्यांनीं आपापल्या मालाचा वायूचा हिशेब मागण्यास सुरुवात केली, आणि 2023 च्या नोव्हेंबरांत फॉन्टेरानें आपण होऊन जाहीर केलें कीं, 2018 च्या मानानें शेतांवरील दर शेर दुधामागचा वायु 2030 पर्यंत 30 टक्के कमी करूं. युरोपीय संघाशीं झालेला न्यूझीलंडचा व्यापारी करार 2024 च्या मे महिन्यांत अमलांत आला, त्यांतही पॅरिसच्या वचनाचें कलम आहे. नाशिककडील द्राक्ष-बागाईतदारांस 2010 सालचा अनुभव आठवत असेल. औषधाच्या उर्वरित अंशावरून युरोपांतून द्राक्षें परत फिरलीं, तेव्हां त्यांवर कोणत्याही पार्लमेंटांत मोर्चा नेतां आला नाहीं. सरकाराशीं घासाघीस करितां येते, मुदत मागतां येते, मतें दाखवितां येतात. दूरच्या गिऱ्हाइकापुढें यांपैकीं कांहींच चालत नाहीं.

डेन्मार्कनें दुसरी वाट धरली आहे. तेथें 2024 सालीं सरकार, कारखानदार, निसर्ग-संरक्षक संस्था व शेतकऱ्यांचा मुख्य संघ यांनीं एकत्र बसून करारावर सह्या केल्या. त्याप्रमाणें 2030 पासून जनावरांच्या वायूवर दर टनास 300 क्रोनर, व 2035 पासून 750 क्रोनर कर बसावयाचा आहे. त्यांतून 60 टक्के वजावट धरल्यावर शेतकऱ्यास प्रत्यक्ष 120 व पुढें 300 पडतील, आणि आरंभीं कराचा पैसा धंद्याच्या सुधारणेसाठींच परत वापरावयाचा आहे. शेतकऱ्यांच्या संघानें स्वतः सही केली, हा ह्या करारांतील मोलाचा भाग. पण 2030 हीसुद्धां एक तारीखच आहे, आणि तारखांचें काय होतें तें आम्हीं वर सांगितलें.

आपला ह्यांत संबंध काय, असें कोणी विचारील. 2019 च्या पशुगणनेप्रमाणें हिंदुस्थानांत गाई-बैल 19 कोटि 25 लक्ष व म्हशी सुमारें 10 कोटि 98 लक्ष आहेत. 2021 सालीं ग्लासगो येथें शंभराहून अधिक देशांनीं, 2030 पर्यंत जगांतील मिथेन 2020 च्या मानानें 30 टक्के कमी करण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. न्यूझीलंडनें केली, हिंदुस्थानानें केली नाहीं. दोन म्हशींवर संसार चालविणाऱ्या माणसाचा वायु आणि हजार गाईंच्या मळ्याचा वायु एका तराजूंत घालूं नये, ही आपली भूमिका आम्हांस योग्य वाटते. न दिलेलें वचन मोडल्याचा दोषही आपल्यावर येत नाहीं. परंतु तापलेल्या हवेचा वांटा मिळतांना कोणी सही केली होती व कोणी नव्हती, हें पाहिलें जात नाहीं. हवा एक अंश तापली कीं तींत सुमारें 7 टक्के अधिक वाफ मावते, आणि ती वाफ पडावयाची तेव्हां एकदम पडते. एका पुराचें खापर एकाच कारणावर फोडणें शास्त्रास धरून होणार नाहीं. तरी 2025 च्या सप्टेंबरांत मराठवाड्यांत उभें सोयाबीन पाण्याखालीं गेलें, आणि नदीकांठच्या कित्येक शेतांतून पिकाबरोबर मातीही खरवडून गेली, त्या शेतकऱ्यास दूरच्या देशांतील तारखांशीं आपला कांहीं संबंध नाहीं असें सांगणें कठीण आहे.

म्हणून ह्यापुढें कोणत्याही सरकारचें, आपल्या किंवा परक्या, हवामानाविषयींचें वचन वाचतांना आमच्या वाचकांनीं ध्येयाचें साल बाजूस ठेवून प्रथम जवळचें साल शोधावें. 2050 किंवा 2070 सालीं आजचा एकही मंत्री अधिकारावर असणार नाहीं. येत्या निवडणुकीच्या अलीकडे काय व्हावयाचें आहे, मोजणार कोण, आकार किती, आणि तो न भरल्यास काय, हीं चार कलमें सांपडलीं नाहींत, तर तें वचन बिनतारखेच्या हुंडीसारखें समजावें. त्याचप्रमाणें जुन्या वचनाशीं नवें ताडून पाहावें, कारण बदललेलें माप नुसत्या नव्या कागदावरून कधींच ओळखूं येत नाहीं.

न्यूझीलंडच्या कायद्यांतील एक जवळचें साल मात्र 2025 च्या ऑक्टोबरांतील घोषणेनेंही बदललेलें नाहीं. जनावरांचा मिथेन 2017 च्या मानानें 10 टक्के कमी, हें 2030 चें माप तसेंच ठेवण्यांत आलें आहे, आणि तें गांठण्यासाठीं कर नाहीं, परवाना नाहीं, केवळ नवीं औषधें व गवतें यांवर भिस्त आहे. तिकडील वायूचे हिशेब दर वर्षीं प्रसिद्ध होतात. ते येतील तसे आम्ही ह्या मासिकांत देत जाऊं.